पान उशिरा उघडतं: सर्व्हर अडलाय की ब्राउझर?

पावसाळ्यात गोव्यात एखादी वेबसाइट रखडली की सगळे नेटला शिव्या घालतात, आणि बऱ्याचदा त्या योग्य जागी पडतातही. पण सॉफ्टवेअर अपग्रेड केल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून रडगाणं सुरू झालं असेल, तर नेटला तूर्त सोडा.

समजा, डिचोलीच्या एखाद्या वाचनालयाची साइट आहे. ‘पुस्तक शोधा’ दाबलं की सहा सेकंद पांढरा पडदा. उत्सवाच्या फोटोंचं पान मात्र लगेच उघडतं, पण फोटो पट्ट्यापट्ट्यांनी उतरत राहतात. वाचक दोन्हीला ‘साइट स्लो’ म्हणतात. चोडणची फेरीबोट रायबंदरच्या धक्क्यावरून सुटलेलीच नाही, की सुटून नदीत रेंगाळतेय, एवढाच हा फरक: पहिल्यात साइट ठेवलेला सर्व्हर अडलाय, दुसऱ्यात पान तुमच्या ब्राउझरपर्यंत उतरायला वेळ लागतोय. पण एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

क्रोममध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, ‘डिसेबल कॅशे’वर टिक करून पान पुन्हा लोड करा. सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक करून ‘टायमिंग’ बघा. त्यातलं ‘वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स’ म्हणजे विनंती गेल्यापासून पहिला बाइट येईपर्यंतची ताटकळ. पहिला बाइट ०.८ सेकंदात आला तर गूगलच्या लेखी उत्तम, १.८ च्या पुढे गेला तर वाईट. तिथे ५ दिसत असतील, तर फोटो लहान करत बसण्यात अर्थ नाही. खात्रीसाठी साइटचा लोगो वेगळ्या टॅबमध्ये उघडा. तो झटकन आला आणि पान अडलेलंच राहिलं, तर नेट ठीक आहे. अडलंय ते पीएचपी (सर्व्हरवर पान तयार करणारी भाषा) नाहीतर डेटाबेस.

अपग्रेडमध्ये कॅश, म्हणजे सर्व्हरनं आधीच तयार करून ठेवलेला साठा, रिकामी होते, त्यामुळे प्रत्येक पान पहिल्यांदा उघडताना जड जातं. तेच पान लगेच दुसऱ्यांदा भरकन उघडलं, तर काही करू नका, थांबा. (नेमकं हेच कुणाला जमत नाही.) दुसऱ्यांदाही तेवढाच वेळ लागला, तर शोध सुरू. पीएचपी बदललं असेल तर ओपकॅश (पीएचपीचा कोड दर वेळी नव्यानं वाचावा लागू नये म्हणूनची सोय) चालू आहे का ते आधी बघा. उबंटू या सर्व्हरच्या सिस्टिमवर पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीची सेटिंगची फाइल वेगळी असते, जुनीतले बदल नवीत आपोआप येत नाहीत. मायएसक्यूएल हा डेटाबेस ५.७ वरून ८.० वर नेलात, तर क्वेऱ्यांची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची, उत्तरं साठवणारी जुनी क्वेरी कॅश तिथे नाहीच, काढून टाकलीय. तिच्या जोरावर खपून गेलेल्या वाईट क्वेऱ्या आता उघड्या पडतात.

त्या पकडायला स्लो क्वेरी लॉग, म्हणजे रेंगाळणाऱ्या क्वेऱ्यांची नोंद, आहे, पण तो मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी त्याची मर्यादा १० सेकंदांची. सहा सेकंदांची क्वेरी त्यात दिसणारच नाही. लॉग कोरा बघून ‘डेटाबेस निर्दोष’ असं ठरवणारे पुष्कळ. मर्यादा १ सेकंदावर आणा. सापडलेल्या क्वेरीला एक्सप्लेन लावा, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवतो ते दिसेल. मोठ्या टेबलासमोर ‘टाइप’च्या रकान्यात ‘ऑल’ दिसलं, तर सगळं टेबल वाचलं जातंय, बहुधा इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) हवाय.

उशीर दर वेळी नेमका तेवढाच, म्हणजे ५ किंवा ३० सेकंद, असेल तर संशय वेगळा: एखादं प्लगइन (साइटला जोडलेली जादा सोय) बंद पडलेल्या बाहेरच्या पत्त्यावर उत्तराची वाट बघत बसतंय.

ब्राउझरकडचं दुखणं मानानं सोपं. फोनवरचे चार-चार एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवलेले असतात, किंवा नवी थीम डझनभर स्क्रिप्ट ओढते. मराठी साइटला एक फटका जास्त बसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला १. त्यामुळे अपग्रेडमध्ये पान दाबून लहान करून पाठवणाऱ्या जीझिपची सेटिंग उडाली, तर आपली पानं चांगलीच फुगतात. नेटवर्क टॅबमध्येच रिस्पॉन्स हेडरमध्ये (सर्व्हरच्या उत्तरासोबतच्या माहितीत) ‘कंटेंट-एन्कोडिंग’ची ओळ आहे का, तेवढं बघा.

दोन्ही दुखणी एकदम असतील तर आधी सर्व्हर. आणि होस्टिंगवाल्याला नुसतं ‘साइट स्लो आहे’ असं कळवू नका, ‘आमच्याकडे ठीक दिसतेय’ एवढंच उत्तर येईल. टायमिंगचा स्क्रीनशॉट, पानाचा पत्ता आणि किती वाजता बघितलं ते पाठवा.