फॅटी लिव्हरचे निदान

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. त्रास सहसा काहीच होत नाही. मुतखडा किंवा पित्ताशयातले खडे शोधताना केलेल्या सोनोग्राफीत ते अचानक सापडते.

सोनोग्राफीत असे यकृत उजव्या मूत्रपिंडापेक्षा पांढरे दिसते. ग्रेड १ मध्ये फक्त पांढरेपणा असतो, ग्रेड २ मध्ये आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट होतात, ग्रेड ३ मध्ये त्या जवळजवळ दिसतच नाहीत. चरबी २० टक्क्यांहून कमी असेल तर सोनोग्राफीत ती निसटू शकते. ग्रेडवरून चरबीचा अंदाज येतो, यकृत किती घट्ट झाले (फायब्रोसिस) ते कळत नाही. पुढचा धोका मात्र त्या घट्टपणावरच ठरतो. एसजीपीटी (यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारे एन्झाइम) नॉर्मल आले म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही.

म्हणून फिब-४ (फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा) काढावा: वय गुणिले एसजीओटी (तसेच दुसरे एन्झाइम), भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ). प्लेटलेट हजारांत घ्यायचे, रिपोर्टातले २.५ लाख म्हणजे २५०. प्लेटलेट हेच २५०, वय ५०, एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४ असल्यास उत्तर १.५ येते. १.३ च्या खाली (६५ वर्षांपुढे २ च्या खाली) धोका कमी, २.६७ च्या वर जास्त. मधल्यांनी फायब्रोस्कॅन (यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी) करावा, त्याआधी ३ तास काही खाऊ नये. ८ किलोपास्कलखालचे माप दिलासादायक.

कोकणात लावणीच्या दिवसांत इथे मोठी फसगत होते. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) झाला की एसजीओटी वाढते, प्लेटलेट घसरतात, डेंग्यूतही तेच. वरच्याच माणसाचे प्लेटलेट फक्त ८० हजारांवर आले तरी फिब-४ ४.७ होतो. तापातल्या रिपोर्टावरून यकृत खराब झाल्याचे ठरवू नये. बरे झाल्यावर, आकडे स्थिरावले की तपासणी पुन्हा करावी.

हिपॅटायटिस बी आणि सी तपासलेच पाहिजेत. दारूची चौकशी करताना माडी आणि फेणीबद्दल वेगळे विचारावे. माडीला दारू न मानणारे बरेच असतात. पुरुषांत रोज ३० ग्रॅम, स्त्रियांत २० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर त्याचाही वाटा धरावा लागतो. ३० मिलीच्या पेगात साधारण १० ग्रॅम असते. सोबत साखर, रक्तदाब आणि कंबर मोजावी: पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरची मर्यादा.

बायोप्सी (यकृताचा तुकडा काढून तपासणे) क्वचितच, चाचण्या एकमेकींशी जुळत नसतील किंवा दुसऱ्या आजाराची शंका असेल तरच करतात. तिच्यात यकृताचा सुमारे ५० हजारावा भाग हाती येतो, त्यामुळे तीही चुकू शकते.