नवा पंखा बसवूनही लॅपटॉप का तापतो?

लॅपटॉपचा पंखा घरच्या घरी बदलणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. मॉडेलचा क्रमांक सांगितला की नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात सुटा पंखा मिळतो, नाही तर तो ऑनलाइन मागवता येतो. बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा धीर असला की काम होते. खरी अडचण त्यानंतर उभी राहते. पंखा फिरतच नाही, किंवा फिरतो पण पडद्यावर तो नादुरुस्त असल्याचा इशारा येतो, किंवा सगळे सुरळीत दिसूनही यंत्र पूर्वीइतकेच तापते. अशा वेळी बहुतेक जण दुकानदाराने खराब माल दिला असे मानून मोकळे होतात. तसे असूही शकते. परंतु पंखा फिरणे, तो फिरतो आहे हे मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाला, कळणे आणि प्रोसेसरची उष्णता त्या पंख्याच्या हवेपर्यंत पोहोचणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांपैकी कोणती अडली आहे हे ठरवल्याशिवाय दुसरा पंखा विकत घेण्यात अर्थ नाही.

पंखा स्थिर दिसतो म्हणजे तो बिघडलाच आहे, असेही नाही. हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर थंड असेपर्यंत पंखा मुद्दाम बंद ठेवलेला असतो. हा निर्णय सहसा विंडोज घेत नाही. मदरबोर्डवरचा एक छोटा स्वतंत्र कंट्रोलर तापमान पाहून पंख्याचा वेग ठरवतो. म्हणून आधी प्रोसेसरला दहा-पंधरा मिनिटे भरपूर काम द्यावे आणि मग हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी हात धरून पाहावा. डेलच्या लॅपटॉपमध्ये सुरू होताना एफ-१२ आणि एचपीच्या लॅपटॉपमध्ये एफ-२ दाबून कंपनीची तपासणी चालवता येते. तिच्यात अनेकदा पंख्याचीही चाचणी असते.

तरीही शंका उरली, तर लक्ष पंख्याच्या तारांकडे वळवावे. नखाएवढ्या प्लगमध्ये बहुधा चार तारा येतात. त्यांतल्या दोन वीजपुरवठ्याच्या असतात, सर्वसाधारणपणे ५ व्होल्टच्या. तिसऱ्या तारेतून पंखा आपल्या फिरण्याची खबर परत पाठवतो: मोटारीतल्या, चुंबकत्व ओळखणाऱ्या हॉल सेन्सरसमोरून चुंबकाचे ध्रुव सरकतात, सेन्सर तो बदल टिपतो आणि बहुतेक पंखे प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंदने देतात. म्हणजे सेकंदाला १०० स्पंदने आली, तर पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेतो आहे, एवढा हिशेब कंट्रोलर करतो. चौथ्या तारेतून वेगाचा हुकूम येतो. हा हुकूम व्होल्टेज कमी-जास्त करून दिला जात नाही, तर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या संकेतातून दिला जातो. त्यात चालू राहण्याचा वाटा जितका मोठा, तितका पंख्याचा वेग जास्त. तीनच तारांच्या पंख्यांत ही चौथी वाट नसते आणि त्यांचा वेग व्होल्टेज बदलूनच ठरतो.

एवढी रचना लक्षात आली की लक्षणे वाचता येतात. यंत्र थंड असूनही पंखा सतत पूर्ण वेगाने घोंघावत असेल, तर हुकमाची तार जोडली गेली नसावी, कारण चौथ्या तारेवर काहीच संकेत नसेल तर असे पंखे सहसा पूर्ण वेग पकडतात. पंखा डोळ्यांदेखत व्यवस्थित फिरत असताना लेनोव्होचा थिंकपॅड सुरू होतेवेळी ‘फॅन एरर’ दाखवत असेल, किंवा एचपीच्या पडद्यावर ‘९०बी’ हा संकेतांक येत असेल, तर तिसऱ्या तारेची खबर पोहोचत नसल्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअसची नोंद केली होती. पडताळणीनंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचे स्पष्ट केले. पंख्याच्या बाबतीतही आकडा आणि प्रत्यक्ष दिसणारी स्थिती यांत मेळ नसेल, तर मोजणाऱ्या साखळीवर संशय घेणे योग्य ठरते.

यावर पहिला उपाय म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून आणि बॅटरीची जोडणी सोडवून प्लग पुन्हा बसवणे. प्लग तारांना धरून ओढू नये. दोन्ही कडांना नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने थोडे थोडे उचलावे. उजेडात पाहिले की वाकलेली पिन, सैल झालेली तार किंवा अर्धवट तिरका बसलेला प्लग ओळखता येतो. त्यानंतर जुना पंखा शेजारी ठेवून तारांचा क्रम ताडून पाहावा. तारांच्या रंगांवर विसंबू नये, कारण ते सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. लेबलवरचे व्होल्टेजही जुळले पाहिजे. १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर रखडत चालतो किंवा सुरूच होत नाही. जुना पंखा कचऱ्यात टाकण्याची घाई करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तो कुरकुरत असला तरी थोडा वेळ जोडून पाहता येतो, आणि मदरबोर्डने त्याचा वेग बरोबर दाखवला, तर दोष नव्या पंख्यातच आहे हे खर्चाविना सिद्ध होते.

काही दोष निव्वळ यांत्रिक असतात. खालचे झाकण उघडे असताना पंखा मोकळा फिरतो आणि स्क्रू आवळताच खरखरतो किंवा अडतो, तेव्हा नवा पंखा जुन्यापेक्षा किंचित जाड असतो, नाही तर एखादी तार पात्यांच्या वाटेत आलेली असते. चुकीच्या जागी गेलेला लांब स्क्रूही असाच त्रास देतो. दोन पंख्यांच्या लॅपटॉपमध्ये डावा आणि उजवा एकमेकांसारखे दिसले, तरी त्यांच्या पात्यांचा बाक आणि हवेची दिशा वेगळी असू शकते.

पंखा निर्दोष ठरल्यावर उष्णतेचा मार्ग पाहावा लागतो, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या चपट्या हीट पाईपमध्ये कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. ते गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला पुन्हा द्रव होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. त्या थंड टोकावर पातळ धातूच्या पट्ट्यांची जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा ढकलतो. पंखा काढल्यावर जाळीच्या आतल्या बाजूला धूळ आणि तंतूंचा नमद्यासारखा थर आढळतो. बाहेरून तो दिसतच नाही. तो तसाच राहिला, तर नव्या पंख्याची हवा तिथेच अडते. जुन्या पंख्याच्या तोंडाशी असलेली स्पंजाची किंवा टेपची पट्टीही नव्यावर लावायला हवी, अन्यथा हवा फटीतून परत आत फिरते. बदलताना हीट पाईप उचलला गेला असेल, तर प्रोसेसर आणि तांबे यांमधली फट भरणारी थर्मल पेस्ट नव्याने लावणे आवश्यक असते, कारण पातळ फटीत शिरलेली हवा उष्णता तांब्याच्या दहा हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वाहून नेते. स्क्रूंशेजारी क्रमांक कोरलेले असल्यास त्याच क्रमाने, थोडे थोडे आवळावेत.

दुरुस्ती यशस्वी झाली की नाही हे ठरवताना नागपूरकरांनी खोलीचे तापमानही टिपून ठेवावे. धातूच्या पट्ट्या ७० अंशांवर आणि खोली २२ अंशांवर असेल, तर फरक ४८ अंशांचा असतो. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली की तो २८ वर येतो आणि तेवढ्याच हवेने उष्णता त्या प्रमाणात कमी निघते. कंट्रोलर मग पंख्याचा वेग वाढवतो, आवाज वाढतो, आणि तरीही प्रोसेसर १०० अंशांच्या आसपासच्या आपल्या मर्यादेजवळ पोहोचला, तर तो स्वतःहून कामाचा वेग कमी करतो. त्यामुळे जानेवारीत जुन्या पंख्यासह घेतलेले आकडे मे महिन्यातल्या नव्या आकड्यांशी थेट ताडून पाहणे चुकीचे आहे. तुलना करायची, तर कूलर सुरू असलेल्या त्याच खोलीत, टेबलावर, झाकण पूर्ण बसवून आणि तेच काम देऊन करावी. हवेची वाट पूर्ण करण्यात खालच्या झाकणाचाही वाटा असल्याने उघड्या यंत्राचे तापमान विश्वसनीय नसते.

जुना आणि नवा असे दोन्ही पंखे जोडूनही काहीच हालचाल होत नसेल, तर मदरबोर्डवरचा छोटा फ्यूज उडालेला असू शकतो किंवा कनेक्टरचा टाका सुटलेला असू शकतो. पिनांमधले अंतर मिलिमीटरभर असल्याने चालू यंत्रात मल्टिमीटरची टोके लावताना दोन पिना एकमेकींना भिडण्याचा धोका असतो, म्हणून हे काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे सोपवावे. दोन्ही पंखे तपासून झाले आहेत आणि इशारा नेमका कधी येतो, हे त्याला सांगितले, तर त्याची तपासणी थेट त्या कनेक्टरपासून सुरू होते.