जीएनएम की बीएससी नर्सिंग? आधी बारावीची मार्कशीट काढा

“दोन्ही एकच हो मॅडम, शेवटी नर्सच व्हायचंय ना?” असं म्हणत इंदूरच्या एका नर्सिंग कॉलेजातल्या काउंटरवरच्या गृहस्थांनी जीएनएमचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. वय ३२, नऊ वर्षं स्पेशल एज्युकेटर. मी शिक्षणाच्या रकान्यात ऐटीत ‘बी.एड., विशेष शिक्षण’ लिहायला घेतलं, तर म्हणाले, “ते राहू द्या, बारावीचं लिहा.” त्या अर्ध्या तासात त्यांनी सांगितलेली तेवढीच गोष्ट खरी निघाली.

घोटाळा होतो तो शेवटाकडून पाहिलं की. जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, हा तीन वर्षांचा डिप्लोमा. बीएससी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी, आता आठ सेमिस्टरची. पण दोन्हीनंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते ती रजिस्टर्ड नर्स आणि मिडवाइफ म्हणूनच. वॉर्डात उभ्या असलेल्या दोघींमध्ये कोण कुठली हे पेशंटला काय, डॉक्टरलाही कधीकधी सांगता येत नाही. म्हणून ‘एकच’.

दारं मात्र वेगळी. बीएससीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं, तिन्हींत मिळून ४५ टक्के, शिवाय इंग्रजीत पास. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत जीएनएमला कुठलीही शाखा चालते, सायन्सला पसंती असते. इंग्रजी हवं आणि एकूण ४० टक्के. आमच्या पेशातल्या बहुतेक जणी आर्ट्समधून आलेल्या. त्यांचं बीए, बी.एड. इथे पासंगालाही पुरत नाही. माझी गंमत आणखी वेगळी. मी सायन्सवाली, म्हणून निर्धास्त होते. रात्री कपाटातून मार्कशीट काढली. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स! बायॉलॉजी मीच सोडलं होतं, बेडूक कापायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी वहिनीकडे गेले. ती स्वतः जीएनएम, मग पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरची बीएससी, केलेली. पोह्यांवर शेव घालता घालता म्हणाली, “अगं, त्याने तुला नंतर आपोआप बीएससी होतं असंही सांगितलं असेल.”

“हो, सांगितलं ना वहिनी. होत नाही का?”

“आपोआप कसलं! वेगळं ॲडमिशन, वेगळी दोन वर्षं.”

जीएनएम आणि नोंदणी झाली की पोस्ट बेसिक बीएससीला बसता येतं. हिशेब सरळ आहे: तीन अधिक दोन, पाच. थेट बीएससी चारच. पण पहिल्या रस्त्यात तीन वर्षांनी पगार सुरू होऊ शकतो, आणि ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

पदवीचं वजन जाणवतं ते पुढे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला, म्हणजे नॉरसेटला, बीएससीवाली थेट बसू शकते. जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. एमएससी करायची किंवा नर्सिंग कॉलेजात शिकवायचं, तर पदवीला पर्याय नाही. फळा-खडू पूर्ण सोडवणार नाही असं वाटणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

मी काय सोडतेय हे मला त्या सकाळी वहिनीशी बोलतानाच नीट कळलं. माझ्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा आहे. त्याला वरणभात भरवताना चमचा समोरून आणायचा, वरून नाही, नाहीतर मान मागे जाते आणि ठसका लागतो. हनुवटी किंचित खाली, घास गिळला की गळ्याची हालचाल दिसते, मग पुढचा. हे वहिनीलाही येतं. पण मी तो चमचा त्याच्या हातात जावा म्हणून दोन वर्षं रोज चाळीस मिनिटं थांबले. वहिनी आधी पेशंटला भरवायची नळी जागेवर आहे का बघते, किती मिली गेलं ते चार्टवर लिहिते आणि पुढच्या खाटेकडे वळते. तिला थांबायचं नसतं असं नाही, खाटा थांबत नाहीत. आमचा आयईपी, म्हणजे प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शिक्षण-आराखडा, वर्षाचा असतो, त्यांचा केअर प्लॅन ड्यूटी बदलली की पुन्हा तपासला जातो. ‘सेवाभाव आहे ना, मग जमेल’ म्हणणाऱ्यांना हा फरक दिसत नाही.

वयाचंही बघा. कौन्सिलच्या नियमात १७ ते ३५. माझ्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत. मध्य प्रदेशात सरकारी जागांसाठी दोन वेगळ्या परीक्षा आहेत: बीएससीला पीएनएसटी, जीएनएमला जीएनटीएसटी. त्या घेणाऱ्या कर्मचारी निवड मंडळाला इंदुरात अजून सगळे व्यापमच म्हणतात. त्या वर्षाची नियमपुस्तिका स्वतः वाचा, राज्याच्या अटी कौन्सिलपेक्षा कडक असू शकतात. खाजगी कॉलेज असेल तर त्या सत्राची मान्यता बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. आपल्याच राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची हायकोर्टाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली आहे.

आणि आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, सीआरआर नंबर लगेच सोडू नका; स्पेशल एज्युकेटर म्हणून आपली नोंदणी तीच. दर पाच वर्षांचं नूतनीकरण आणि त्यासाठीचे सीआरईचे, म्हणजे पेशातल्या पुढच्या प्रशिक्षणाचे, गुण चालू ठेवले, तर परतीचं दार उघडं राहतं. वहिनीने हे ऐकून भुवया उंचावल्या. “जायच्या आधीच परतीचं तिकीट?”

मी जीएनएमचाच फॉर्म भरतेय, दुसऱ्या कॉलेजात. शिक्षणाच्या रकान्यात या वेळी फक्त बारावी लिहिली.