भीती वेगळी, धास्ती वेगळी

‘बिनधास्त’ हा शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो, पण त्यातली धास्ती कुणाला दिसत नाही. बिनधास्त म्हणजे धास्तीविना, भीतीविना नव्हे. तरी कुणी जरा कचरलं की सल्ला तयार: ‘भीतीला सामोरं जा!’ बाबा रे, कुठल्या?

भीती सगळ्यांना ठाऊक आहे. गल्लीतलं कुत्रं अंगावर आलं, छातीत धडधड झाली, आपण बाजूला झालो, कुत्रं गेलं, भीती ओसरली. तिच्याशी भांडू नये, ती जीव वाचवते. धास्तीतही धडधड आणि घाम तोच, म्हणून गफलत होते. फरक इतकाच की धास्तीला समोर कुत्रं लागत नाही, ‘आलं तर?’ एवढं पुरतं.

लोक खरे फसतात ते सुटकेपाशी. भीतीत पळालात, हायसं वाटलं, विषय संपला. धास्तीत टाळलंत तरी हायसंच वाटतं, पण मन हिशेब मांडतं: टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला धास्ती दुप्पट. आणि टाळणं म्हणजे फक्त न जाणं नाही. पुन्हापुन्हा खात्री करून घेणं हेही टाळणंच.

माझी आत्या पुण्यातल्या शनिवार पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून शहरात पाणी शिरलं तेव्हा नऊ वर्षांची. त्या दिवशी ती पळाली, ती भीती, आणि अगदी रास्त. आता कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि पावसाळ्यात तिचा फोन येतो: “अरे, खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं?” मी आकडा सांगायचो. अर्धा तास शांतता. पुन्हा फोन. मला वाटायचं धीर देतोय; प्रत्यक्षात धास्तीला खुराक घालत होतो.

मग ठरवलं, आकडा फक्त संध्याकाळी सातला. पहिले चार दिवस माझ्यावर रुसली होती.

हे काही माझं डोकं नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या लहानग्या पीटरची गोष्ट मांडली: तो आवडीचं खात असताना ससा थोडाथोडा जवळ आणायचा. एकदम मांडीवर नाही! पोहता न येणाऱ्याला तलावात ढकलणारे काका लोक इथेच चुकतात. (झोप उडाली असेल, कामं अडत असतील, तर घरगुती प्रयोग नकोत, समुपदेशक गाठा.)

धरणातून विसर्ग चालू असताना आत्याला मुठा नदीवरच्या म्हात्रे पुलावर नेलं. आधी रिक्षातूनच पाहिलं. दुसऱ्या खेपेला खाली उतरली, कठडा घट्ट धरला, आणि दोन मिनिटांत “चल घरी.” धडधड ऐन भरात असताना निघालो तर तोच जुना हिशेब पक्का झाला असता, म्हणून थांबलो. गढूळ पाणी, वाहत येणारी जलपर्णी. वीसेक मिनिटांनी कठड्यावरचा हात सुटला.

“आता किती वेळ तेच ते पाणी बघायचं?” ती म्हणाली. “चहा पाज.”