‘सेव्हन’चा काळोख: चांदी कुठे होती?

सप्टेंबर 1995मध्ये अमेरिकेत लागलेला ‘सेव्हन’ हा चित्रपट आजही गुप्तहेरपटांच्या यादीत वर असतो आणि कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘डार्क आहे’. मराठीत हा एकच शब्द आशयालाही चालतो आणि पडद्यावरच्या उजेडालाही. घोळ तिथूनच सुरू होतो. कथा डार्क होती ती पटकथेतच. चित्राला तो दाट काळा मिळाला फिल्म धुणाऱ्या लॅबमध्ये, आणि तोही थिएटरात गेलेल्या सगळ्या प्रतींना (प्रिंट्सना) नाही.

मागचा इतिहास थोडक्यात. महायुद्धामुळे अडकून पडलेले अमेरिकी गुन्हेपट 1946मध्ये पॅरिसला एकदम पोहोचले, तिथल्या समीक्षकांनी त्यांना ‘नुआर’ म्हणजे ‘काळे’ म्हटलं. ज्यांनी ते बनवले त्यांच्या लेखी तो निव्वळ गुन्हेपट किंवा मेलोड्रामा होता. त्या कृष्णधवल प्रतींमध्ये काळा म्हणजे चांदी. सावली जितकी गडद, तितका धातूच्या कणांचा थर जाड. रंगीत फिल्म आली आणि चित्रातून चांदी गेली. धुऊन तयार झालेल्या रंगीत प्रिंटमध्ये उरतात फक्त पिवळं, मॅजेंटा आणि सायन ही रंगद्रव्यं. ती एकावर एक पडली तरी काळा थोडा धुरकटच राहतो. आपण ‘चंदेरी पडदा’ म्हणत राहिलो, फिल्ममधली चांदी मात्र लॅबमध्ये फिक्सरच्या, म्हणजे चांदी विरघळवणाऱ्या रसायनाच्या, टाकीत जमा होत होती. अपवाद फक्त ध्वनिपट्टीचा. तिथे प्रोजेक्टरचा सेन्सर नीट चालावा म्हणून रंगीत प्रिंटमध्येही चांदी मुद्दाम राखत.

ही चांदी जाते कशी? प्रिंट डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, 36.7 अंश सेल्सिअसला सुमारे 3 मिनिटं राहते. तिथे चांदीची आणि रंगाची प्रतिमा एकत्रच तयार होते. पुढे ब्लीच हे रसायन धातूरूप चांदीचं पुन्हा हॅलाइड (चांदीचा क्षार) करतं आणि फिक्सर ते विरघळवून नेतो. ब्लीचची टाकी वगळली की चांदी जागीच राहते, म्हणजे रंगीत चित्रावर कृष्णधवल चित्र चढवल्यासारखं होतं. कॉन्ट्रास्ट वाढतो, रंग उतरतात, दाणा जाड दिसतो. यालाच ब्लीच बायपास म्हणतात. सुरुवात सहसा 1960च्या ‘ओतोतो’ या जपानी चित्रपटापासून मानतात.

पण या नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. निगेटिव्हवर केलं, तर चांदी जमते उजळ भागांत, कारण निगेटिव्हमध्ये तेच दाट असतात. खिडक्या, दिवे, कपाळं भगभगीत होतात आणि एक्स्पोजर साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे प्रकाश निम्मा, ठेवावं लागतं. प्रिंटवर केलं, तर चांदी सावल्यांत बसते आणि काळा खोल जातो. तिसरी पद्धत रोमच्या एका लॅबची, 1981च्या ‘रेड्स’मुळे गाजलेली: ब्लीच होऊ द्यायचं, पण फिक्सरच्या आधी कृष्णधवल डेव्हलपरची जादा टाकी लावून हवी तेवढीच चांदी परत आणायची. किती आली ते इन्फ्रारेड डेन्सिटीवर, म्हणजे प्रिंट इन्फ्रारेड प्रकाश किती अडवते यावर, मोजतात, कारण रंगद्रव्यं इन्फ्रारेडला जवळपास पारदर्शक असतात, चांदी नसते. ‘सेव्हन’च्या काही प्रतींसाठी दुसऱ्या एका लॅबची स्वतःची, चांदी राखणारी पद्धत वापरली गेली. प्रक्रिया प्रिंटवर झाली, निगेटिव्हवर नाही, हे विसरलं की पुढचं सगळं गणित चुकतं.

वादग्रस्त निर्णय होता तो अशा प्रतींच्या संख्येचा. चित्रपट 127 मिनिटांचा आहे, म्हणजे मिनिटाला 90 फुटांच्या हिशेबाने एका प्रतीला सुमारे 11,400 फूट फिल्म. एरवी लॅब फिक्सरमधून चांदी परत मिळवते. इथे ती प्रतीबरोबर बाहेर जाते, म्हणून दर चढतो. शिवाय अशी प्रिंट छापतानाचा प्रकाश वेगळा ठरवावा लागतो, म्हणजे जादा चाचण्या. साधारण 2500 प्रतींपैकी चांदीच्या निघाल्या काही शेच. व्यवहार म्हणून हे समजतं. पण ज्या चित्रपटाने जगभरात 32 कोटी डॉलरच्या वर धंदा केला, त्याचा नावाजलेला काळोख बहुतेक प्रेक्षकांनी 1995मध्ये पाहिलाच नव्हता, हेही तितकंच खरं.

चांदीची प्रत मिळूनही खेळ बिघडू शकत होता. पडद्यावर 16 फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप) उजेड हवा. दिवा वाचवायला थिएटरने तो खाली आणला, की कोटाची बाही आणि मागची भिंत एकच होऊन जाते. म्हणून असं शूट करताना सावलीत तपशील निगेटिव्हवर आधीच भरून ठेवावा लागतो. त्यासाठी फ्लॅशिंग करतात: फिल्मला सगळीकडे सारखा, अगदी मंद प्रकाश दाखवून सावल्या किंचित वर आणायच्या. मग प्रिंटमधल्या चांदीने त्या खाली दाबल्या तरी डोळ्यांच्या खोबणीत काहीतरी उरतं. कपडे आणि भिंतींचे रंगही नेहमीपेक्षा भडक निवडणं शहाणपणाचं, नाहीतर पडद्यावर सगळं राखाडी.

घरच्या आवृत्त्यांचा घोळ याच मुळातला. 2000च्या डीव्हीडीसाठी रंग नव्याने बसवले गेले, आणि 2025च्या 4K आवृत्तीसाठी मूळ निगेटिव्ह 8Kमध्ये स्कॅन झाली. त्या निगेटिव्हमध्ये ती चांदी कधी नव्हतीच. त्यामुळे स्कॅनमध्ये काळा आपोआप मिळत नाही, तो प्रत्येक वेळी नव्याने ठरवावा लागतो. ‘हीच खरी आवृत्ती’ म्हणून आपापल्या आवृत्तीसाठी भांडणारे एका अर्थी ग्रेडिंगवरच, म्हणजे नंतर बसवलेल्या रंग-उजेडावरच, भांडत असतात.

2000नंतर संगणकावर रंग बसवणं रुळलं आणि हा लुक फुकट झाला. कृती सोपी: चित्राची कृष्णधवल प्रत वरच्या लेयरवर, ओव्हरले मोडमध्ये, ओपॅसिटी निम्म्याच्या आसपास. बहुतेक जण तेवढंही करत नाहीत. सॅच्युरेशन उतरवतात, सावल्यांत हिरवट-निळा ओततात आणि थांबतात. रंग जातात, पण काळा होता तिथेच राहतो, धुरकट.