वॉर्डात पाऊल कधी पडतं? पुण्यातल्या डॉक्टरकीच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

पुण्यात डॉक्टर घडवायला सुरुवात झाली ती ससूनच्या आधाराने. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय 1867 सालचं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे बी. जे. मेडिकल स्कूल निघालं. स्कूलमधून बाहेर पडणाऱ्यांना पदवी नसे, ते 'लायसेन्शिएट' म्हणवले जात. पदवीच हवी असेल तर 1845 पासून चालू असलेलं मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज होतं.

या लायसेन्शिएटांना कमी लेखू नये. देशाचा दवाखाना त्यांनीच चालवला. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने मोजदाद केली तेव्हा सुमारे 47,500 नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळपास 30,000 लायसेन्शिएट होते. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे सनदी अधिकारी. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात बिशप्स स्कूल आणि डेक्कन कॉलेजात. 1946 च्या अहवालात समितीने लायसेन्शिएट आणि पदवीधर अशी दुहेरी व्यवस्था मोडून देशभर एकाच दर्जाचा, पदवीधर 'बेसिक डॉक्टर' घडवावा, असं सुचवलं. काही सदस्यांचा विरोध होता: खेड्यांना डॉक्टर मिळायचे कुठून? दर्जासाठी तो निर्णय योग्यच होता, असं मला वाटतं. पण त्या सदस्यांच्या प्रश्नाला आजही पुरतं उत्तर मिळालेलं नाही.

त्याच 1946 साली बी. जे.चं कॉलेज झालं. पुण्यातल्याच लष्कराच्या एएफएमसीची (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज) स्थापना 1948 ची, तिथे एमबीबीएसचे वर्ग 1962 मध्ये सुरू झाले.

अभ्यासक्रमाचा साचा मात्र बराच काळ तोच राहिला. आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, पेशंट नंतर. पहिलं एमबीबीएसच दीड वर्षाचं असे, 1997 च्या नियमांनी ते एका वर्षावर आलं. या पहिल्या टप्प्यात मुलाची गाठ डिसेक्शन हॉलमधल्या देहाशी, फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असताना. खरी डॉक्टरकी सुरू व्हायची ती वॉर्डातल्या 'क्लिनिक'मध्ये. मुलाने खाटेशी बसून केस घ्यायची: त्रास कधीपासून, आधी काय झालं, घरात कुणाला टीबी, कामधंदा काय. मग छातीवर डाव्या हाताचं मधलं बोट सपाट टेकवून उजव्या हाताच्या बोटाने ठोकायचं आणि आवाज कुठे बद्द होतो ते ऐकायचं. फुफ्फुसाभोवती पाणी असेल तर तो दगडासारखा बद्द येतो. हे पुस्तकातून येत नाही. शेजारी उभे असलेले सर "पुन्हा ठोक" म्हणतात, तेव्हाच हाताला कळतं.

म्हणूनच 2019 चा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं यावर बेतलेला, मला मोलाचा वाटतो. त्यात पहिल्या वर्षापासूनच पेशंटशी ओळख आली आणि नैतिकता व संवाद यांना अभ्यासात रीतसर जागा मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच विद्यार्थ्यांनी गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवण्याचा उपक्रमही आला. भोर समितीने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकावर दिलेला भर अशा रीतीने विद्यार्थ्याला गावापर्यंत घेऊन गेला.

अडचण आहे ती शेवटच्या टप्प्यात. साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतरची वर्षभराची इंटर्नशिप हात बसवण्यासाठी असते: टाके घालणं, बाळंतपण, प्राथमिक आरोग्य केंद्रातली ओपीडी. पण पीजीच्या (पदव्युत्तर शिक्षणाच्या) जागा मोजक्या, त्यामुळे अनेकांचं लक्ष प्रवेश परीक्षेच्या प्रश्नसंचांत गुंतलेलं असतं. जोवर त्या परीक्षेत वॉर्डातल्या कामाला वजन मिळत नाही, तोवर मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही.