फ्रिट्झ वाल्टरचा पाऊस

जर्मनीत फुटबॉलचा सामना सुरू असताना पावसाची झड लागली, मैदान निसरडं झालं, की समालोचकांच्या तोंडी हमखास एक शब्द येतो: 'फ्रिट्झ-वाल्टर-वेटर', म्हणजे फ्रिट्झ वाल्टरचं हवामान. ज्यांच्या आईवडिलांनीही जर्मनीच्या या जुन्या कप्तानाला खेळताना पाहिलेलं नाही, अशी पोरंसुद्धा हा शब्द सहज बोलून जातात. खेळाडूच्या नावाने स्टेडियम असतं, रस्ता असतो, चषक असतो. पावसालाच ज्याचं नाव चिकटलं असा खेळाडू मला दुसरा ठाऊक नाही. बहुतेक जण हा शब्द १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याशी जोडतात आणि तिथेच थांबतात. पण त्याचं मूळ त्याहून मागे, युद्धात आहे.

फ्रिट्झचा जन्म ३१ ऑक्टोबर १९२० चा, नैर्ऋत्य जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न या गावातला. आईवडील तिथल्या फुटबॉल क्लबचं उपाहारगृह चालवत, त्यामुळे पोरगा क्लबच्या अंगणातच वाढला. आठव्या वर्षाच्या आतबाहेर तो मुलांच्या संघात आला, सतराव्या वर्षी मुख्य संघात. अंगापिंडाने दांडगा नव्हता. पण चेंडू पायाशी आला की पुढच्या दोन-तीन चाली त्याला आधीच दिसत असाव्यात, असा त्याचा खेळ होता.

१४ जुलै १९४० रोजी फ्रँकफर्टमध्ये रुमानियाविरुद्ध तो पहिल्यांदा जर्मनीकडून उतरला. जर्मनीने सामना ९-३ असा जिंकला, त्यातले तीन गोल या एकोणीस वर्षांच्या मुलाचे. फ्रान्स पडून तेव्हा महिनाही झाला नव्हता. प्रशिक्षक होते झेप हेर्बेर्गर. पुढे आयुष्यभर फ्रिट्झ त्यांना 'शेफ' म्हणजे 'साहेब' म्हणत राहिला, आणि या नात्याशिवाय त्याची गोष्ट सांगताच येत नाही. हेर्बेर्गर १९३३ पासून नाझी पक्षाचे सदस्य होते, हे झाकायचं कारण नाही. त्याच हेर्बेर्गरनी आपले खेळाडू आघाडीवरून मागे आणण्यासाठी जमेल तितकी खटपट केली, हेही तितकंच खरं. आंतरराष्ट्रीय सामना असला की खेळाडूला रजा मिळे, आणि रजा म्हणजे जिवंत राहण्याचे आणखी काही दिवस. राष्ट्रीय संघाचा शेवटचा युद्धकालीन सामना २२ नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रातिस्लाव्हात झाला. त्याच दिवसांत स्टालिनग्राडला जर्मन सैन्याभोवतीचा वेढा बंद होत होता. त्यानंतर रजेला निमित्तच उरलं नाही.

सैनिक म्हणून फ्रिट्झची पाठवणी भूमध्य समुद्रातल्या बेटांवर झाली आणि तिथे त्याला हिवतापाने गाठलं. पुढे हेरमान ग्राफ या नामांकित लढाऊ वैमानिकाने हवाई दलात 'रोटे येगर', म्हणजे लाल शिकारी, नावाचा फुटबॉल संघ उभा केला, त्यात फ्रिट्झला जागा मिळाली. त्या संघाने त्याला बरंच वाचवलं. पण ताप त्याच्या अंगात मुरला तो मुरलाच. हिवताप झालेल्या माणसाला पुढे किती काळ अशक्तपणा जाणवतो, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. रखरखीत उन्हात खेळायची वेळ आली की त्याचं त्राण जाई, पाय जड होत. आभाळ भरून आलं, पाऊस पडू लागला, की मात्र तोच माणूस मोकळा होऊन खेळे. त्याचं पावसावरचं प्रेम हे असं आहे. आवडनिवड म्हणावं तर ती शरीरानेच ठरवलेली होती.

चिखलाने आणखी एक गोष्ट साधली. ओल्या मैदानावर धिप्पाड बचावपटू घसरतात, वळताना त्यांचा तोल जातो. ज्याचा पहिलाच स्पर्श नेमका आहे, त्याला तेवढा अर्धा क्षण जास्त मिळतो. त्या काळचा चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होई आणि जोर लावून मारणाऱ्यांची दमछाक होई. फ्रिट्झ मुळात जोरावर खेळणारा नव्हताच.

मे १९४५ मध्ये ग्राफची तुकडी अमेरिकनांना शरण आली. अमेरिकनांनी तिला सोव्हिएत सैन्याच्या हवाली केलं. तिथून फ्रिट्झ पोहोचला मारमारोस-सिगेटला. आज हे गाव रुमानियात, युक्रेनच्या सीमेवर आहे. कैद्यांना पूर्वेकडे, सोव्हिएत संघातल्या श्रमछावण्यांत पाठवण्याआधी इथे ठेवत. छावणीचे पहारेकरी फावल्या वेळात फुटबॉल खेळत. चेंडू बाहेर आला, फ्रिट्झने तो परत मारला, आणि मारण्याच्या पद्धतीवरूनच तो खेळात ओढला गेला. पहारेकऱ्यांपैकी एका हंगेरियनाने त्याला ओळखलं. त्याने फ्रिट्झला जर्मनीकडून खेळताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कैद्यांची यादी वाचली जात होती, तेव्हा या माणसाने सांगितलं, की हा जर्मन नाही, सार प्रांतातला आहे. सारवर तेव्हा फ्रेंचांचा ताबा होता. एवढ्यावर फ्रिट्झचं नाव यादीतून वगळलं गेलं. यादीतल्या कैद्यांना पूर्वेकडे नेणाऱ्या गाडीतून गेलेल्या अनेकांचं पुढे काय झालं, हे त्याला ठाऊक होतं, आणि ही हकीकत तो आयुष्यभर सांगत राहिला.

ऑक्टोबर १९४५ मध्ये, पंचविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर तो घरी आला. गाव फ्रेंचांच्या ताब्यात होतं, निम्मा संघ पांगलेला. तो खेळाडूही झाला आणि शिकवणाराही. त्या दिवसांत संघ आजूबाजूच्या गावी खेळायला जात ते मानधन म्हणून बटाटे, पीठ, असेल ते घेऊन येत. नौदलात जखमी झालेला धाकटा भाऊ ओटमारही परतला आणि पुढच्या फळीत उभा राहिला. १९५१ आणि १९५३ साली कायझर्सलाउटर्नने जर्मन अजिंक्यपद जिंकलं.

'व्यावसायिक' हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची राष्ट्रीय लीग, अजून दहा वर्षं लांब होती. खेळाडू 'कंत्राटी' गणला जाई आणि त्याला महिन्याला फार तर ३२० मार्क घेता येत. संसारासाठी फ्रिट्झने लाँड्री चालवली, सिनेमागृह चालवलं. अशा वेळी १९५१ मध्ये स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून भरघोस रकमेचं बोलावणं आलं. तो गेला नाही. फाल्ट्झ या त्याच्या मुलखाच्या बोलीतलं त्याचं उत्तर आजही तिथे म्हणीसारखं वापरतात: 'देहेम इस देहेम', म्हणजे घर ते घर. पत्नी इटालिया, शेफ आणि आपलं गाव यांच्यापासून लांब जगणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. मला हे त्याचं मोठेपण वाटतं आणि काहीशी भीतीही वाटते. ज्या माणसाने युद्धात एकदा घर गमावण्याची वेळ पाहिली, त्याला दुसऱ्यांदा निघणं किती अवघड गेलं असतं!

स्वभावाने तो हळवा होता. पराभव मनाला लावून घ्यायचा, सामन्याआधी जेवण जात नसे. विश्वचषकाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २३ मे १९५४ रोजी, जर्मन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात हॅनोव्हरने कायझर्सलाउटर्नचा ५-१ असा धुव्वा उडवला. कायझर्सलाउटर्नचे पाच जण राष्ट्रीय संघात कशाला, अशी ओरड झाली. हेर्बेर्गर बधले नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये श्पीत्सच्या हॉटेलात त्यांनी फ्रिट्झची खोली हेल्मुट रान या बडबड्या, बेफिकीर खेळाडूबरोबर लावली. पुढे जे घडलं ते पाहता, ही त्यांची सर्वांत मोलाची निवड म्हणावी लागेल.

(या स्पर्धेच्या पात्रता फेरीत जर्मनीच्या गटात सारलंडचा स्वतंत्र संघ होता. ज्या प्रांताच्या नावाने जीव वाचला, तोच आता प्रतिस्पर्धी.)

१९५० च्या विश्वचषकात जर्मनीला प्रवेशच नव्हता. १९५४ मध्ये गटातल्या सामन्यात हंगेरीने त्यांना ८-३ असं लोळवलं. हेर्बेर्गरनी त्या दिवशी बरेच राखीव खेळाडू उतरवले होते. मग तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया आणि उपान्त्य फेरीत ऑस्ट्रिया. ऑस्ट्रियाविरुद्धच्या ६-१ मध्ये फ्रिट्झ आणि ओटमार या भावांचे दोन-दोन गोल होते. अंतिम सामना पुन्हा हंगेरीशी, ४ जुलै १९५४ रोजी, बर्नच्या वांकडोर्फ मैदानावर. पुश्काश, कोचिस, हिदेगकुटी, चिबोर यांचा तो संघ चार वर्षं कुणाला हरला नव्हता.

त्या दिवशी पाऊस लागला आणि थांबायचं नाव घेईना. संघातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, की हा आपल्या कप्तानाचा पाऊस आहे. 'अडिडास'चे संस्थापक आडि डासलर संघासोबत होते. त्यांच्या बुटांचे स्टड, म्हणजे तळाचे खिळे, फिरवून काढता-बसवता येत. मैदान भिजताच त्यांनी लांब स्टड बसवून दिले. ही युक्ती मुळात कुणाची, यावर आडिचे भाऊ रुडोल्फ यांच्या 'पुमा'नेही हक्क सांगितला आहे. त्या दिवशी जर्मनांचे पाय चिखलात रोवले गेले, एवढं नक्की.

आठव्या मिनिटाला हंगेरी २-० ने पुढे होती. दहाव्या मिनिटाला मोरलॉकने एक फेडला, अठराव्याला फ्रिट्झच्या कॉर्नरवर रानने दुसरा. मग तासाहून जास्त वेळ चेंडू जाळ्यात जाता जाता राहिला, कधी गोलरक्षक टोनी टुरेकच्या हातात, कधी खांबावर. ८४ व्या मिनिटाला रानने चेंडू डाव्या पायावर घेतला आणि ३-२. भर पावसात विश्वचषकाचे जनक ज्यूल रिमे यांनी चषक तेहतीस वर्षांच्या फ्रिट्झच्या हाती दिला. ज्या देशातल्या एका माणसाने नऊ वर्षांपूर्वी त्याला गाडीत चढण्यापासून वाचवलं होतं, त्याच देशाचा संघ समोर हरून उभा होता.

या विजयावर सावलीही आहे. स्पर्धेनंतर अनेक खेळाडूंना काविळीने गाठलं. संघाला दिलेली इंजेक्शनं जीवनसत्त्वाची होती, असं सांगितलं गेलं. उत्तेजकांचा संशय मात्र अजून पुसलेला नाही.

फ्रिट्झ पुढेही खेळत राहिला. ६ ऑक्टोबर १९५६ रोजी पूर्व जर्मनीत लाइपझिगला लाखभर प्रेक्षकांसमोर त्याने पुढे झेपावत, चेंडू डोक्यावरून मागे जात असताना टाचेने गोल केला. देशाची फाळणी झालेली असताना पलीकडच्या लोकांनी तो आपलाच मानला. १९५८ च्या विश्वचषकात, सदतिसाव्या वर्षी, स्वीडनविरुद्ध उपान्त्य सामन्यात त्याला जबर दुखापत झाली. ६१ सामने आणि ३३ गोल, आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथे संपली. वर्षभरात क्लबचा खेळही थांबला.

निवृत्तीनंतरचं त्याचं एक काम फारसं सांगितलं जात नाही. हेर्बेर्गरच्या नावाने १९७७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतर्फे तो तुरुंगांत जाई, कैद्यांशी बोले, त्यांच्या सामन्यांना हजर राही. सिगेटच्या छावणीतून सुटलेला माणूस गजांआडच्या पोरांसमोर बसलेला आहे, हे चित्र मला हातात चषक घेतलेल्या छायाचित्राइतकंच त्याचं वाटतं.

१९८५ मध्ये, त्याच्या पासष्टाव्या वाढदिवशी, गावातल्या बेट्सेनबेर्ग टेकडीवरच्या मैदानाला त्याचं नाव दिलं गेलं. २००६ च्या विश्वचषकाचे सामने आपल्या गावात व्हावेत म्हणून त्याने म्हातारपणी धडपड केली. यश आलं, पण ते बघायला तो राहिला नाही. डिसेंबर २००१ मध्ये इटालिया गेली, आणि १७ जून २००२ रोजी तो. बरोबर चार वर्षांनी, १७ जून २००६ ला, त्याच्या नावाच्या स्टेडियममध्ये इटली आणि अमेरिका यांचा सामना होता. खेळ सुरू होण्याआधी मैदान मिनिटभर स्तब्ध उभं राहिलं.